उकळत्या पाण्यातला हात

आमच्या घरी शिरवाळे करायचे ठरले की सकाळपासून भांडणं सुरू व्हायची. हे मी मुद्दाम आधीच सांगून टाकते. माझ्या वयाच्या बायका जुन्या स्वयंपाकघराविषयी बोलायला लागल्या की लगेच पदर डोळ्यांना लावतात, आणि मला ते खपत नाही. धूर होता, घाम होता, आणि एकमेकींवर खेकसणं होतं. शिरवाळे म्हणजे तांदळाच्या पिठाची उकड काढायची, ती मळून तिचे मोठे गोळे वळायचे, ते उकळत्या पाण्यात सोडायचे आणि शिजून वर आले की कढत कढत लाकडी साच्यात दाबून त्यांच्या शेवया पाडायच्या. त्या साच्याला आम्ही शेवगा म्हणायचो. गोळा जरा जरी निवला तरी शेवगा अडायचा, मग वरच्या दांड्यावर दोन माणसं लोंबकळली तरी खाली सुतळीएवढंही काही उतरायचं नाही. म्हणून सगळी घाई आणि म्हणून सगळी भांडणं. एकीने गोळा काढायचा, दुसरीने साच्यात भरायचा, तिसरीने दांडा दाबायचा, आणि दांडा दाबणारी मी. लाकूड करकरायचं, खाली केळीच्या पानावर पांढऱ्या शेवयांची वेटोळी पडायची, आणि चुलीच्या दुसऱ्या तोंडावर गूळ-वेलची घातलेला नारळाचा रस नुसता कोमट होत बसलेला असायचा. तो उकळला तर फुटतो, म्हणून त्याच्यावरूनही एक वेगळं भांडण व्हायचं.

आमचं घर वालावलीच्या वाटेवरच्या एका वाडीत. घरात आम्ही चारच माणसं: बाबा, आई, मी आणि काकी. काकी म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. काका मुंबईला छापखान्यात होते, चौघांच्या खोलीत राहायचे, त्यामुळे काकीला तिकडे नेणं काही झालं नाही. ते चतुर्थीला आणि मे महिन्यात यायचे, तेव्हा काकी आठ दिवस नवी लुगडी नेसायची, की परत जुनी. तिला मूलबाळ नव्हतं. आमच्याकडे अशा बाईला कोणी तोंडावर काही बोलत नाही, पण बारशाला तिला मागे बसवतात. काकीला मात्र कधी कोणी मागे बसवलं नाही, आणि त्याचं कारण तिचे हात.

उकड टोपातून परातीत पालथी केली की वाफेने समोरचं माणूस दिसत नाही. बाकीच्या बायका जवळ थंड पाण्याचं भांडं ठेवतात, बोटं बुडवतात, हुश्श हुश्श करत दोनदा दाबतात, परत बुडवतात. काकी पाण्याला शिवायची नाही. सरळ दोन्ही तळवे त्या धगधगत्या पिठात. एकदा, दोनदा, दहादा, तोंडावर सुरकुती नाही. वर आईशी गप्पा चालू. शिरवाळ्यांचे गोळेसुद्धा ती झाऱ्याने काढायची नाही. उकळत्या पाण्यावर तरंगणारा गोळा बोटांच्या चिमटीत धरून अलगद साच्यात टाकायची. वाडीत लग्न असलं, मुंज असली, की आदल्या दिवशी निरोप यायचाच, "यशोदाक धाडा हां उकडीक." पोरीबाळी तिच्याभोवती गोळा होऊन बघत बसायच्या. "काय हात गो तुझे काकी!" म्हणायच्या. काकी हसायची आणि म्हणायची, "हात नाय गो, सवय." पण तिला ते आवडायचं, हे मला कळायचं. तिची एक करंगळी थोडी आत वळलेली होती. मी आणि माझ्या मैत्रिणी पीठ मळताना आपापली करंगळी तशीच वाकडी धरायचो, ते मळण्याचं काहीतरी खास कसब असणार म्हणून.

माझ्या आईची त्यात फार कुचंबणा व्हायची. ती फोंडाघाटाची, बाजारपेठेतली, तिच्या वडिलांचं किराणा दुकान. तिचे हात मऊ. उकडीला हात लावला की ती "आई आई" करायची, आणि काकी लगेच म्हणायची, "सर गो बाजूक, फोंड्याची शेटाणी!" चेष्टाच ती, पण वर्षानुवर्षं चाललेली. आई बाबांचं ऐकून काकीला वैनी म्हणायची. "वैनींचे हात लोखंडाचे आसत," असं ती सगळ्यांना सांगायची, आणि त्यात कौतुक किती आणि जळफळाट किती ते तिचं तिलाच माहीत. मळून झालं की काकी पिठाच्या गोळ्यावर तळव्याने एक थाप मारायची आणि मान तिरकी करून ऐकायची. "आता बोलता पीठ," म्हणायची. पीठ झालं की नाही हे बाकीच्या बायका बोटाने चेपून बघतात. काकी कानाने बघायची. आम्हाला वाटायचं, केवढी ही विद्या!

मे महिन्याचे शेवटचे दिवस होते, काका नुकतेच मुंबईला परत गेले होते. बाबांना लहर आली, शिरवाळे करा म्हणाले. त्याच दिवशी आरोग्य केंद्राच्या एक बाई वाडीत फिरत होत्या. अंगावरचे डाग तपासायला दरवर्षी कोणीतरी यायचं. पाठ बघायची, दंड बघायचे, वहीत लिहायचं आणि पुढच्या घरी जायचं. या बाई तरुण होत्या, घाटावरच्या, बोलणं पुस्तकातल्यासारखं. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. त्यांनी ओटीवर माझी पाठ बघितली, आईचे हात बघितले. काकी आतूनच ओरडली, "माका डाग-बिग काय नाय, तुमी फुडे जावा!" सिस्टर खरंच निघाल्या होत्या. छत्रीसुद्धा उचलली होती. मी त्यांना थांबवलं. मला त्यांची साडी, त्यांची पिशवी, त्यांचं बोलणं सगळं आवडलं होतं, आणि आमच्या घरात दाखवण्यासारखं एकच काही होतं.

"आमची काकी उकळत्या पाण्यात हात घालता," मी म्हटलं.

"काहीतरीच," त्या हसल्या.

"देवाची शपथ. भाजणाच नाय तिका. येवा, दाखवतंय."

मी त्यांचा हात धरून ओढत स्वयंपाकघराच्या दारात नेलं. काकीला म्हटलं, "काकी, दाखव गो ह्येंका." काकी आधी लाजली. मग पदर खोचला, टोपावर वाकली आणि खळखळ उकळणाऱ्या पाण्यातून एक गोळा बोटांनी उचलून शेवग्यात टाकला. बोटांवरून वाफ निघत होती. काकीने आमच्याकडे बघून हात हलवला, जत्रेतल्या जादूगारासारखा. मी टाळ्या वाजवल्या. मी एकटीनेच वाजवल्या, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं. सिस्टर हसत नव्हत्या.

"काकी, गोळे राहू देत जरा," त्या म्हणाल्या. "इकडे उजेडात या. हात बघू तुमचे."

काकीला मागच्या दाराशी पाटावर बसवलं. सिस्टरनी तिचे तळवे उलटसुलट करून बघितले. अंगठ्याजवळ एक फोड फुटून ओला झाला होता. "हे कधी भाजलं?" काकीने बघितलं आणि तिलाच नवल वाटलं. "ह्या खंय लागला?" सिस्टरनी ती वाकडी करंगळी सरळ करून बघितली, होईना. कोपराच्या मागे दाबून बघितलं. मग आईकडे देवाच्या वातीचा कापूस मागितला, त्याला टोक काढलं आणि म्हणाल्या, "डोळे मिटा. मी जिथे जिथे कापूस लावेन, तिथे दुसऱ्या हाताने बोट ठेवून दाखवायचं."

काकीने खेळात मिटावेत तसे डोळे घट्ट मिटले, ओठांवर हसू. सिस्टरनी तळव्याला कापूस लावला. करंगळीला लावला. मनगटाच्या बाहेरच्या अंगाला लावला. काकी तशीच बसून. सिस्टरनी कापूस ठेवला आणि पिशवीतून टाचणी काढली. तळव्यावर टेकवली. मग थोडी दाबली. रक्ताचा एक बारीक थेंब वर आला. मी तो बघितला, आईने बघितला.

"लावा मगे आता," काकी डोळे मिटूनच म्हणाली. "गोळे निवतत थंय. सुरू केलात काय नाय अजून?"

आईने तोंडावर पदर धरला. आज इतकी वर्षं झाली, मी बाळंतपणं बघितली, अपघात बघितले, घरातली माणसं गेलेली बघितली. पण त्या हसऱ्या, मिटल्या डोळ्यांच्या तोंडासमोर बसून मी जशी हादरले तशी पुन्हा कधी हादरले नाही.

सिस्टरनी तिला डोळे उघडायला सांगितलं. "काकी, हाताला कळत नाही असं कधीपासून होतंय?"

"कळना नाय म्हणजे?" काकीने रक्ताचा थेंब पदराला पुसला. "काम करून करून हात तसेच जातत मा सगळ्यांचे?" मग ती आईकडे वळली. "तुझे जातत नाय गो?"

आईने नकारार्थी मान हलवली. काकीने माझ्याकडे बघितलं. मीही हलवली. एवढी वर्षं तिला वाटत होतं की सगळ्याच बायकांचे हात असे होतात, आपले जरा जास्त, इतकंच. आणि आम्ही सगळे, सगळी वाडी, ती विद्या समजून टाळ्या वाजवत होतो. पीठ ती कानाने का बघायची, तेही मला त्याच क्षणी कळलं. बोटांना काही कळतच नव्हतं, मग दुसरं करणार काय होती ती?

सिस्टर बाबांशी बाहेर अंगणात, खळ्यात, हळू आवाजात बोलल्या. मी दाराआड उभी होते. त्यांनी रोगाचं नवं नाव सांगितलं, बाबांना ते कळलं नाही, मग बाबांनीच जुनं नाव विचारलं, "महारोग?" आणि सिस्टर म्हणाल्या, "घाबरू नका. आता औषध आहे, पूर्ण बरा होतो. त्यांना घरातच ठेवा, ताट वेगळं करू नका. खाण्यापिण्यातून हा पसरत नाही. फक्त गरम वस्तूंना हात लावू देऊ नका, त्यांना कळत नाही, भाजून घेतील आणि जखमा चिघळतील." बाबा "होय होय" म्हणत राहिले. सिस्टर गेल्यावर ते तसेच माडाला टेकून उभे राहिले. बाबांना भिताना मी पहिल्यांदाच बघत होते.

आईने त्यानंतर जे केलं ते कोणाला विचारून केलं नाही. केळीच्या पानावरचे सगळे शिरवाळे तिने टोपलीत भरले, टोपातले गोळे भरले, आणि मागच्या माडाच्या मुळाशी खड्डा करून पुरायला लागली. काकी मागच्या दारात उभी राहून बघत होती. तिला अजून नीट समजलं नव्हतं. किंवा समजलं होतं, माहीत नाही. आई परत आत आली आणि रसाचं पातेलं उचललं, तेव्हा काकी घाईघाईने म्हणाली, "अगो, रस तरी ठेव. रसाक माझो हात नाय लागलो."

आईने रसही ओतला.

मी विहिरीवर जाऊन राखेने हात घासले, तोंड धुतलं, परत घासले. सकाळी काकीने वळलेल्या गोळ्यातला चिमूटभर मी चाखला होता. तो आठवून मला ओकारी आली. हे सगळं काकीला चुलीपाशी बसून ऐकू येत असणार, हा विचार तेव्हा मनाला शिवला नाही. लहान होते, असं म्हणून मी स्वतःला सोडवू शकते. पण तेरा वर्षांची मुलगी काही फार लहान नसते.

काकीचं ताट वेगळं झालं नाही. आम्ही शहाणी माणसं, सिस्टरनी सांगितलेलं पाळत होतो ना! "गरम वस्तूंना हात लावू देऊ नका," हे तर आम्ही इतकं पाळलं की काकीला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आतच येऊ दिलं नाही. चूल गरम म्हणून चूल नको. मग आंबोळीचं पीठ? ते थंड. पण तेही नको, "उगाच कित्या वैनी, तुमी बसा बगू." मग घावण्याचं? वड्यांचं? सगळ्याला "तुमी बसा." सिस्टरच्या बोलण्यातला आम्हाला हवा तेवढा अर्धा भाग आम्ही उचलला आणि उरलेला माडाखाली पुरला. वाडीतून उकडीसाठी निरोप आला तर आई सांगायची, "वैनींच्या हाताक लागला हां, त्येंका जमाचा नाय." काकी ओटीवर बसून असायची. दर महिन्याला गोळ्यांची पाकिटं यायची. त्या गोळ्यांनी तिचा रंग काळपट पडत गेला, तेव्हा वाडीतल्या बायका म्हणायच्या, "उन्हात बसतंस कित्या गो इतकी?" ती म्हणायची, "बरां वाटता."

बाबांनी काकांना पत्र घातलं होतं. काका चतुर्थीला आले ते एक मोठं खोकं घेऊन. त्यात विजेवर पीठ मळायचं यंत्र होतं. पांढरं, वर झाकण, आत पोलादी पातं. आम्ही त्याला शेवटपर्यंत मशीनच म्हणालो. वाडीत मिक्सर दोन घरांत होते, पण पीठ मळणारं काही कोणी बघितलेलं नव्हतं. काका सगळ्यांना सांगत होते, "आता कोणी पिठात हात घालूक नको. बटण दाबला की झाला." ते काकीकडे न बघता बोलत होते. ते यंत्र त्यांनी बायकोवरच्या मायेने आणलं होतं की तिच्या हाताच्या भीतीने, याचा मी आजही विचार करते. दोन्ही असेल. माणसाला दोन्ही एकदम वाटू शकतं.

आणि मग त्या घरात एक असा नियम झाला की मला आज लिहितानाही लाज वाटते. पीठ आईने भांड्यात घालायचं, पाणी आईने, झाकण आईने लावायचं, आणि मग आई हाक मारायची, "वैनी, येवा, बटण दाबा!" काकीला काहीतरी काम दिल्यासारखं व्हावं म्हणून. काकी ओटीवरून उठून तेवढ्यापुरती आत यायची, बटण दाबायची, मशीन घुरघुरायला लागायचं, ती उभी राहून बघायची, बंद करायची आणि परत ओटीवर जायची. बटण कोणी खात नाही ना! ज्या बाईला दहा वाड्यांतून उकडीसाठी बोलावणं यायचं, तिला आम्ही बटण दाबायला ठेवलं, आणि वर आपण किती समजूतदार म्हणून एकमेकांकडे बघायचो.

चतुर्थीच्या दिवशी मोदकांची उकडही मशीनमध्येच करायची, असं काकांनी ठरवलं. काकी उंबऱ्याबाहेरून म्हणाली, "ती उकड आसा, तेंत घालू नकात. चिकटात." कोणी ऐकलं नाही. आईने वाफाळती उकड भांड्यात टाकली. पातं चार वेळा फिरलं, मग उकड त्याला अशी बिलगली की खळीसारखा एक चिकट लगदा झाला, मशीन रडल्यासारखं करायला लागलं, जळका वास सुटला आणि वाडीच्या निम्म्या घरांतली लाईट गेली. बाहेर भटजी आलेले, आरतीची वेळ झालेली, काका घामाघूम होऊन पात्यावरचा लगदा सुरीने खरवडतायत आणि बाबा त्यांच्यावर ओरडतायत. आईने दुसरी उकड काढली आणि हात घातला. तिचे तळवे लालभडक झाले. ती रडायला लागली आणि रडतच मळत होती.

"पाण्याचो हात घे," उंबऱ्याबाहेरून काकी म्हणाली. "आता तेलाचो. मुठीन नको, तळव्यान दाब. परतून घे. आता थाप मार."

आईने थाप मारली.

"होवक नाय अजून. आवाज ओलो आसा. दाब."

आईने परत दाबलं, परत थाप मारली. चौथ्या थापेला काकी म्हणाली, "झाला." त्या वर्षीचे मोदक जाड होते, पाच फुटले, पण आपल्या हाताने केलेली उकड आईला त्या दिवशी पहिल्यांदा साधली. पुढची दोन वर्षं हे असंच चाललं. मशीन काकांनी कुडाळला दुरुस्त करून आणलं, त्यात आंबोळीचं, वड्यांचं पीठ व्हायचं. उकड मात्र आई आत मळायची आणि काकी बाहेर बसून ऐकायची. आई भित्री होती, पण कृतघ्न नव्हती. हळूहळू ती काकीजवळ बसायला लागली, तिच्या केसांना तेल लावायला लागली. एकदा मी तिला काकीच्या फोडाला मलम लावताना बघितलं, आपल्या उघड्या बोटांनी.

मी मात्र शाळेत भाषण केलं. तेव्हा मी दहावीत होते. आरोग्य केंद्राने शाळेत वक्तृत्व स्पर्धा घेतली होती आणि विषय हाच होता. सिस्टरनी दिलेलं पत्रक मी पाठ केलं. स्पर्शाने घाबरू नका, जेवणातून पसरत नाही, रुग्णाला प्रेमाने वागवा, असं सगळं हात हलवून हलवून बोलले. पहिला नंबर आला. घरी येऊन ते भाषण मी खळ्यात उभी राहून पुन्हा करून दाखवलं, आणि सगळ्यांत जास्त कौतुक काकीने केलं. "बघा तरी चेडू कसा बोलता," ती बाबांना म्हणाली.

त्यानंतर महिन्याभरात सिस्टर एक कागद घेऊन आल्या. उपचार पूर्ण झाले होते. "आता तुम्हाला काही नाही काकी. गरमाला फडकं घ्यायचं, जखम झाली तर दाखवायची, बाकी सगळं करा," त्या म्हणाल्या. काकीने तो कागद देवाजवळ ठेवला. रात्रभर तिने तांदूळ भिजत घातले होते हे आम्हाला कोणाला माहीत नव्हतं. सकाळी मी उठले तर स्वयंपाकघरातून आवाज आला. तांदूळ पाट्यावर वाटून झाले होते आणि काकी घावण्याचं पीठ हाताने ढवळत होती, पातळ पिठातून बोटं फिरल्याचा तो चुबुक चुबुक आवाज. मशीन तिथेच बाजूला झाकून ठेवलेलं. काकी न्हाली होती आणि तिने नवं लुगडं नेसलं होतं, काका आलेले नसतानाही. तिने तव्यावर घावणे घातले, फडकं घेऊन तवा उतरवला, आणि चार ताटं वाढली. ओलं खोबरं, गूळ, वर दोन-दोन घावणे, जाळीदार.

माझं लक्ष आईकडे होतं. बाबांचंही होतं. रस ओतणारी ती. आई पाटावर बसली, पहिला तुकडा तोडला, खोबऱ्यात बुडवला आणि खाल्ला. "वैनी," ती म्हणाली, "दोन वर्सांत असो घावनो गावलो नाय." आणि ढसाढसा रडायला लागली. बाबांनी खाल्लं. एका दमात दोन्ही संपवले आणि ताट पुढे केलं, "वाढा आजून." मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

माझ्या ताटात घावणे होते. मला दिसत होती ती वाकडी करंगळी, पिठात फिरलेली. मला पत्रकातलं वाक्य न् वाक्य पाठ होतं. आईला, बाबांना जे धड माहीत नव्हतं ते मला माहीत होतं. हात उचलेना.

"माका भूक नाय," मी म्हटलं. "शाळेक उशीर झालो."

आई माझ्याकडे अशी बघत राहिली की मारेलच. काकीनेच तिला थांबवलं. "राह्वांदे गो. चेडवाक खरोच उशीर झालो आसतलो." तिने माझं ताट उचललं आणि त्यातले घावणे आपल्या ताटात घेतले. मी दप्तर उचलून बाहेर पडले. रविवार होता. हे मला पाणंदीच्या टोकाला गेल्यावर आठवलं, आणि त्या सगळ्यांना तेव्हाच माहीत होतं.

त्यानंतर काकीने मी घरात असताना कधी पिठाला हात लावला नाही. मशीन लावायची. माझं लग्न झालं, मी कुडाळला आले, माझी मुलं मोठी झाली. कधीही माहेरी गेले की मशीनची घुरघुर. "मशीन बरी गो," ती म्हणायची, "हातांक आराम." मी नसताना ती हातानेच मळते, हे मला आईकडून कळलं. माझी मुलं तिच्या हातचे शिरवाळे खाऊन आली की मला सांगायची. मी कधी विषय काढला नाही. मला वाटायचं, एवढ्या जुन्या गोष्टीचं तिला काय असणार! आज माझी सून तसलंच मशीन वापरते, दहा पटींनी चांगलं, आणि तिला वाटतं की सासूबाईंना आवाजाचा त्रास होतो, म्हणून त्या उठून बाहेर जातात.

काकी खूप म्हातारी होऊन गेली. पण त्या रविवारपासून शेवटपर्यंत तिने एक केलं, आणि ते फक्त माझ्याशी केलं. आईशी नाही, बाबांशी नाही, माझ्या मुलांशीसुद्धा नाही. माझ्या ताटात काहीही वाढताना, साधी मिठाची चिमूट असली तरी, ती वाकायची आणि हळूच, दुसऱ्या कोणाला ऐकू जाणार नाही असं, सांगायची, "हात धुतलंय हां गो." शेवटच्या वेळी मी गेले तेव्हा ती अंथरुणातून उठूही शकत नव्हती. तिने उशाखालून एक केळं काढलं, कसंबसं सोललं, अर्धं मोडून माझ्यापुढे धरलं आणि म्हणाली, "हात धुतलंय हां गो." मी ते खाल्लं. "काकी, असं म्हणत जाऊ नको," एवढं तरी मला म्हणता आलं असतं. मी "बरां" म्हटलं.